कोपरा फाडलेली पुडी

आमच्या दवाखान्यातली औषधाची खिडकी एवढी खाली होती की बाहेर उभ्या माणसाला आतलं दिसत नसे आणि आतल्याला बाहेरचा चेहरा दिसत नसे. आधी केसपेपर आत यायचा, त्याच्यामागून एक हात यायचा. मातीनं भरलेला, बांगड्यांचा, थरथरणारा, कधी तापानं गरम. त्या हातावर पुड्या ठेवायच्या आणि सांगायचं, ही तीनदा, ही दोनदा, ही झोपताना. "हां" असा आवाज यायचा आणि हात निघून जायचा. त्या माणसाला किती समजलं हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला तो प्रश्नही पडला नाही.

जालना वेगळा जिल्हा होऊन आठ-दहा वर्षं झाली होती, तेव्हा मी या तालुक्याच्या गावी औषधनिर्माता म्हणून रुजू झालो. वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. हंगाम सुरू झाला की काम, बंद झाला की घरी. आमच्या घरात 'कायम' हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारला जायचा. वडील कायम झाले ते मी दहावीला होतो तेव्हा, आणि ते झाले म्हणूनच मला औरंगाबादला शिकायला पाठवता आलं. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. सरकारी नोकरी लागली त्या दिवशी आईनं शाळेतल्या मास्तरांच्या घरी मला घेऊन जाऊन पाया पडायला लावलं. मला सगळ्यांचे उपकार वाटत. मास्तरांचे, कॉलेजचे, सरकारचे, वरिष्ठांचे. कोणी वरच्यानं काही सांगितलं की ते नीट करून दाखवावं, एवढंच मला कळत होतं.

औषध विभागात आम्ही तिघं होतो. वरिष्ठ औषधनिर्माते मूळचे राजस्थानातल्या, पण चार पिढ्यांपासून इकडेच व्यापार करणाऱ्या घरातले. भाऊ कापडाच्या दुकानात बसायचे, हे एकटे नोकरीत आले. सगळा दवाखाना त्यांना शेठजी म्हणायचा. दुसरा मी. तिसरी मावशी.

मावशी रोजंदारीवर होती. मूळची कुंभार पिंपळगावकडची. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन इथं आली आणि दवाखान्यात झाडलोट करायला लागली. मी रुजू झालो तेव्हा तिला तिथं लागून बारा-तेरा वर्षं झाली होती. तिची नेमणूक एकोणतीस दिवसांची असायची. एकोणतीस दिवस भरले की एक दिवसाचा खंड, आणि मग पुन्हा एकोणतीस दिवसांचा नवा आदेश. सलग नोकरी झाली असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून ही सोय. खंडाच्या दिवशीही ती यायची. मस्टरवर नाव नसायचं, पण झाडू हातात असायचाच. "घरी बसून काय करू भाऊ, भिंतीकडं बघून राहू का?" असं म्हणायची. तिचं काम झाडण्यापुरतं कधीच राहिलं नव्हतं. पेट्या उचलणं, डबे पुसणं, जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन कापणं, आणि गर्दी वाढली की आमच्या शेजारी बसून पुड्या बांधणं. सगळ्याच दवाखान्यांत असं चालायचं. कोणी विचारत नव्हतं.

नव्वदीच्या मध्यात कधीतरी नवे वैद्यकीय अधीक्षक आले. वयानं चाळिशीचे, बोलायला हळू, आणि मनापासून काम करणारे. ते पुण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि तिथून एक पुस्तिका आणि एक कल्पना घेऊन आले. गुणवत्ता मंडळ. काम करणाऱ्यांनीच आठवड्यातून एकदा बसायचं, कामातल्या अडचणी शोधायच्या, त्यावर उपाय सुचवायचे आणि ते स्वतःच अमलात आणायचे. कारखान्यांमध्ये हे चालतं, दवाखान्यात का चालू नये, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात औषध विभागापासून करू म्हणाले, कारण सगळ्यात मोठी रांग आमच्यापुढे होती.

पहिली बैठक गुरुवारी दुपारी स्टोअरमध्ये, सलाईनच्या खोक्यांवर बसून झाली. साहेबांनी फळ्यावर माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली. एकेका काट्यावर एकेक कारण लिहायचं, असं समजावून सांगितलं आणि विचारलं, "तर मग, अडचणी काय आहेत आपल्याकडे?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. शेवटी शेठजी म्हणाले, "साहेब, अडचण काय, आपल्याकडं सगळं बराबर हाय." मला माहीत होतं ते असं का म्हणाले. आदल्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं होतं, "अडचण सांगितली ना, की ती दूर करायची जबाबदारी आपल्यावर येते. बिलकुल तोंड उघडू नको."

मावशी दाराशी उभी होती. साहेबांनी तिला आत बोलावलं. "तुम्ही पण बसा मावशी. तुम्ही पण मंडळात आहात."

मावशी उंबऱ्यावरच टेकली. फळ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो कोणता मासा म्हणायचा साहेब? नुसते काटेच हायेत, खायला काहीच न्हाई."

साहेब हसले. मग म्हणाले, "काटेच शोधायचेत आपल्याला. खिडकीबाहेर काय चालतं ते सांगा. आम्ही कोणी बाहेर जात नाही."

मावशी थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली आणि मग एकदम बोलायला लागली. "बाहेर लोकं पुड्या मलाच दाखवतेत साहेब. मावशी, ही कोणती, ही किती डाव खायची. मला तरी कुठं ठाव असतंय. म्या हुंगून सांगते."

"हुंगून?"

"त्या पिवळ्या गोळीचा वास येतो ना, ताकदीच्या. ती वळखू येती. बाकी सगळ्या पांढऱ्या. पांढऱ्याचं काय सांगावं? म्या म्हन्ते भाऊला इचारा. तवर भाऊंची खिडकी बंद."

शेठजी खाली मान घालून हसले. मला वाईट वाटलं, पण खोटं काहीच नव्हतं. दोन वाजले की मी खिडकी लावायचो, कारण वेळेचा नियम होता. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. कुंभार पिंपळगावकडं जाणारी एसटी दीडला सुटायची. त्या बाजूची माणसं रांगेत उभी असतानाच गाडीची वेळ व्हायची. काही जण औषध न घेताच निघून जायचे. "डाक्टरनं तपासलं, कागद केला, अन् गोळ्या इथंच राह्यल्या. मंग कशाला आल्ते म्हणायचं?"

त्या दिवशी फळ्यावरचे सगळे काटे मावशीच्या बोलण्यानं भरले.

पुढच्या गुरुवारी ती एक पुडी घेऊन आली. नेहमीचीच वर्तमानपत्राची, पण तिच्या एका कोपऱ्याला तीन चिरा पाडल्या होत्या. "तीन चिरा म्हंजी तीनदा. दोन म्हंजी सकाळ-रात. एक म्हंजी एकदाच. लाईट गेली तरी बोटाला कळतंय. म्या काल शेजारच्या म्हातारीला डोळे मिटून सांगायला लावलं. बराबर सांगितलं तिनं."

साहेबांनी पुडी हातात घेतली, डोळे मिटले आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग पुडी शेठजींच्या हातात दिली. मला वाटतं, त्या क्षणी आमच्यापैकी प्रत्येकाला थोडंसं शहाणं झाल्यासारखं वाटलं.

दुसरा उपाय मी सुचवला. सर्दी, ताप, रक्तवाढ, पोटदुखी यांच्या गोळ्या रोज शेकड्यानं जायच्या. त्या तीन-तीन दिवसांच्या हिशेबानं सकाळीच बांधून ठेवायच्या, म्हणजे खिडकीवर फक्त उचलून द्यायच्या. सकाळी आठ ते नऊ मावशी बांधणार, मी डबे काढून देणार आणि बघणार. शेठजी कुरकुरले, पण चार दिवसांनी तेच सगळ्यांना सांगू लागले की आमची रांग आता व्हरांड्याच्या बाहेर जात नाही. दीडच्या गाडीची माणसं बारालाच मोकळी होऊ लागली. खिडकीतून एकदा एका बाईचा हात आला, औषध घेऊन गेला आणि परत आला, तर त्यात दोन पेरू होते. मी ते मावशीला दिले. खिडकीतून कोणी काही देतं, ही गोष्टच मला नवी होती.

मंडळाचं इतिवृत्त मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं, आणि मला ते काम आवडायचं. साहेबांनी एकदा मला बोलावून सांगितलं, "मावशींना कायम करण्याचा प्रस्ताव मी वर पाठवणार आहे. इतकी वर्षं काम करतायत, शिवाय ही कल्पना त्यांची. पण काहीतरी लेखी पाहिजे. त्यांचं काम रजिस्टरमध्ये स्पष्ट येऊ द्या."

मी ते मनावर घेतलं. दर गुरुवारी मी सुवाच्य अक्षरात लिहायला लागलो. 'पूर्वतयार पुड्या बांधण्याचे संपूर्ण काम रोजंदारी कर्मचारी श्रीमती' आणि पुढे तिचं पूर्ण नाव, 'या स्वतः करतात.' संपूर्ण आणि स्वतः, हे दोन्ही शब्द माझे. डबे मी काढून देतो हे लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर तिचं काम कमी दिसलं असतं. माझं श्रेय मी सोडून देतोय, याचं मला मनातून समाधानही होतं. शेठजींनी एकदा पान उलटून बघितलं. "एवढं कशाला लिहितो रे बाबा? जे चाललंय ते चालू दे ना. तिचं काम सफाईचं. कागदावर तिला औषधं कामून बांधायला लावतो?"

"त्यांना कायम करायचंय शेठजी. लिहिल्याशिवाय कसं होणार?"

त्यांनी रजिस्टर मिटून परत दिलं. त्यांच्या अनुभवाची किंमत मला तेव्हा कळायला हवी होती. मला वाटलं, जुना माणूस आहे, भितो.

मावशीला मी प्रत्येक वेळी वाचून दाखवायचो. "माझं नाव आलं का त्याच्यात?" ती विचारायची. मी बोट ठेवून दाखवायचो. ती त्या अक्षरांकडं बघत राहायची. सही येत नव्हती, म्हणून शाईच्या पॅडवर तिचा अंगठा मी माझ्या हातानं टेकवायचो आणि पानाच्या खाली उमटवायचो. "जल्दी वाळू द्या, फराटा होईन," असं म्हणून ती स्वतःच त्यावर फुंकर घालायची.

एका सकाळची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला जशी घडली तशीच लिहायला हवी.

औरंगाबादला गुणवत्ता मंडळांचा मेळावा होता आणि साहेबांनी आमचं काम तिथं मांडायचं ठरवलं होतं. तक्ते मी करत होतो. चार दिवस मी घरी, दवाखान्यात, जिथं जागा मिळेल तिथं पट्टी आणि स्केचपेन घेऊन बसलेला असायचो. त्या सकाळीही स्टोअरच्या टेबलावर मोठा पांढरा कागद पसरून मी रांगेचं चित्र काढत होतो. आधीची रांग आणि आताची रांग. दोन दिवसांपूर्वी औषधांचा नवा पुरवठा आला होता. त्यात सगळे डबे सारखेच होते, पांढरे प्लॅस्टिकचे, निळ्या झाकणाचे.

मावशी आली आणि विचारलं, "भाऊ, सर्दीच्या गोळ्याचा डबा कोणता?"

मी मान वर न करता म्हणालो, "तो खालच्या फळीवरचा."

"ह्यो? ह्यो नवा दिसून राह्यला."

"तोच आहे मावशी."

मला ओळ सरळ काढायची होती. मी बघितलं नाही. ती पुड्या बांधत बसली, कोपऱ्याला तीन-तीन चिरा पाडत. तो डबा मधुमेहाच्या गोळ्यांचा होता. तशाच पांढऱ्या, तशाच बारीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडीगोद्रीकडून एक जीप आली. मागच्या सीटवर एक म्हातारा आडवा, घामानं निथळलेला, बेशुद्ध. सोबत सून. आदल्या दिवशी नुसत्या सर्दीसाठी येऊन गेलेला माणूस. साहेबांनी साखर तपासली, ती जवळजवळ नव्हतीच. ग्लुकोज लावलं. सुनेनं पदराच्या गाठीतून पुडी काढली आणि म्हणाली, "म्या बिलकुल चुकवली न्हाई साहेब. तीन चिरा व्हत्या, तीनदा दिली. खात न्हाई म्हनत व्हते, तर तोंडात घातली."

पुडीतली गोळी हातात घेतली तेव्हा मला कळलं. मी आत जाऊन डबा काढला, लेबल वाचलं आणि खालीच बसलो. एरवी आमच्याकडची माणसं औषध विसरायची, अर्धं टाकून द्यायची. त्या विसरण्यानंच कदाचित तो म्हातारा यातून सुटला असता. आमची युक्ती इतकी चांगली होती की एकही पाळी चुकली नव्हती.

उरलेल्या पुड्या परत आणायला अॅम्ब्युलन्स काढली. केसपेपरांच्या नोंदीवरून गावं लिहून घेतली. मी आणि मावशी गेलो. नोंदीत फक्त नाव आणि गाव असायचं, घर सापडायचं ते मावशीमुळं. तिला माणसं आठवत होती. हिरव्या लुगड्याची, कडेवर पोर होतं ती, पारावर विचारा. दोन गावांत माणसांना चक्कर येऊन गेली होती, गूळ-पाणी देऊन आम्ही त्यांना सोबत घेतलं. एका घरी पुडी देव्हाऱ्यात तशीच ठेवलेली मिळाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या पुड्या हाती लागल्या. कोणी दगावलं नाही. म्हातारा तिसऱ्या दिवशी उठून बसला, पण त्याची जीभ पुढं कितीतरी दिवस जड होती.

परतताना अॅम्ब्युलन्समध्ये मावशी समोरच्या फळीवर बसली होती. मला बोलायचं होतं. दुपारपासून तेच एक वाक्य तोंडात घोळत होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमची नौकरी पक्की हाये भाऊ. बोलणं खावं लागंन, बाकी काय होत न्हाई. माझं काय होईन?"

"काही होणार नाही मावशी," मी म्हणालो. "मी आहे ना."

आठवड्याभरात जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन अधिकारी चौकशीला आले. त्यांनी सगळ्यात आधी मागितलं ते मंडळाचं रजिस्टर. साहेबांनी ते मोठ्या विश्वासानं समोर ठेवलं. चांगलं काम चांगलं लिहून ठेवलंय, चूक कशी झाली हेही त्यातून दिसेल, असं त्यांना वाटलं असावं. अधिकाऱ्यांनी पान पान वाचलं. त्यांना त्यात रांग दिसली नाही, दीडची गाडी दिसली नाही, चिरा दिसल्या नाहीत. त्यांना दिसलं ते एवढंच, की औषधं बांधण्याचं संपूर्ण काम एक सफाईची निरक्षर बाई स्वतः करत होती, आणि ते तिला अंगठ्यानिशी मान्य होतं. असे कितीतरी गुरुवार. सगळे माझ्या अक्षरात.

जबाब दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शेठजी मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. ते कधी नव्हे ते पोटतिडकीनं बोलले. "हे बघ, डबा कोणी काढला हे कुठंच लिहिलेलं न्हाई. तू काढला म्हणून लिहून दिलं, तर निलंबन. तुझ्यावर घर हाय, भावाचं शिक्षण हाय. अन् तू लिहून दिलं म्हणून ती वाचते का? ती तरी बी जाणार. मंग दोघं कामून जायचं?"

त्यांचं म्हणणं दुष्टपणाचं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. ते मला वाचवत होते. मी जबाबात लिहिलं, 'त्या दिवशी डबा कोणी काढून दिला हे निश्चित आठवत नाही.' हे वाक्य लिहिताना हात थांबला नाही. अक्षरही चांगलंच आलं.

मावशीला कोणी काढून टाकलं नाही. तिच्यावर कारवाईचा कागदही निघाला नाही, कारण कारवाई नोकरावर होते आणि तिची नोकरी मुळात सलग नव्हतीच. तिचे एकोणतीस दिवस भरले, एक दिवसाचा खंड झाला आणि पुढचा आदेश आला नाही. एवढंच. एकतिसाव्या दिवशी सकाळी ती आली, तर मस्टरवर नाव नव्हतं. कचेरीतला बाबू म्हणाला, "थांबा, येईल." ती बाहेरच्या बाकावर बसली. दुपारी घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा बसली. माझ्या खिडकीतून बाक दिसत नव्हता, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं. "मावशी, आज बसून?" कोणीतरी विचारायचं. "खंड हाये," ती सांगायची. चार दिवस ती असं सांगत राहिली. पाचव्या दिवशी आली नाही.

मला ठपका ठेवून सोडलं. शेठजींनाही. साहेबांचा मावशीबद्दलचा प्रस्ताव वरून परत आला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी साहेबांचीच बदली झाली. जाताना ते स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, "आपण काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, नाही का?" मला नाही म्हणायचं होतं. मी कागदाचे चौकोन कापत राहिलो.

पूर्वतयार पुड्या बंद करण्याचा लेखी आदेश आला. चिरा पाडणंही थांबलं. तसा त्यावर कोणाचा आदेश नव्हता, पण पुडीचं नाव काढायचीच सगळ्यांना धास्ती बसली होती. रांग पुन्हा आवाराच्या दारापर्यंत गेली. मी पुन्हा तोंडानं सांगायला लागलो, ही तीनदा, ही दोनदा, आणि "हां" असा आवाज येऊन हात निघून जायचा. फरक इतकाच की आता मला माहीत होतं, त्या माणसाला काहीच समजलेलं नाही. आधी ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी बरा झोपत असे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दवाखान्यात वर्षानुवर्षं रोजंदारीवर असलेल्यांना कायम करण्याचा निर्णय आला. आमच्याकडं दोन जणी त्यात बसल्या. दोघीही मावशीच्या नंतर लागलेल्या. त्यातली एक पेढ्यांचा पुडा घेऊन औषध विभागात आली. शेठजी निवृत्त झाले होते, वरिष्ठ आता मी होतो. "घ्या साहेब, तोंड गोड करा," ती म्हणाली. मी पेढा घेतला.

त्या रविवारी मी मावशीच्या घरी गेलो. तोवर अधूनमधून रस्त्यात भेट व्हायची, ती "बरंय का भाऊ" म्हणायची, मी "बरंय" म्हणायचो. ती आता जालन्याला एका बियाण्याच्या गोदामात पाकिटं भरायला जात होती, रोजच्या गाडीनं. मुलींची लग्नं झाली होती. घरात एकटीच. मला बघून तिनं चहा ठेवला.

मी एका दमात सांगून टाकलं. डबा मीच दाखवला होता. तिनं विचारलं होतं, नवा दिसतोय म्हणाली होती, आणि मी वर बघितलं नव्हतं. जबाबात मी ते लिहिलं नाही.

ती स्टोव्हला पंप मारत होती. "मला ठाव हाये की," ती म्हणाली.

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं व्हतं. चौकशीच्या त्या मोठ्या साहेबाला सांगितलं, भाऊनं दावला तोच डबा म्या घेतला. तर ते म्हन्ले, कुठं लिवलंय का तसं? म्या म्हन्लं, लिवणं तर भाऊच करतेत, त्यांला इचारा." तिनं चहा गाळला आणि कप माझ्यापुढं ठेवला. "मंग त्यांनी तुमाला इचारलं."

चहा मला पिता येईना. ती म्हणाली, "घ्या, गार होईन."

सोमवारी मी अर्ज लिहिला. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. त्या दिवशी डबा मी काढून दिला होता, संबंधित महिलेचा दोष नव्हता, तिच्या सेवेचा फेरविचार व्हावा. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन मी स्वतः तो दिला. टेबलामागच्या लिपिकानं उभ्या उभ्याच वाचला. "ह्या बाईंचं नाव मस्टरवर कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"नाही. त्यासाठीच अर्ज आहे."

"मस्टरवर नाव असेल तर सेवा. सेवा असेल तर फेरविचार. आणि तुमचं म्हणाल, तर एवढ्या जुन्या प्रकरणात तुमच्यावर आता कोण काय करणार?" त्यानं आवक क्रमांक टाकला आणि कागद ढिगावर ठेवला. बोलला तो चांगुलपणानंच.

मावशीला मी अर्जाचं सांगितलं नाही. उगाच तिनं वाट बघायला नको. उत्तर आलं नाही. मी चौकशीला दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही.